चार बोटांचं झाकण

सासऱ्यानं आपली बारकी हत्यारं धाकट्या जावयाला दिली आणि ती ठेवायची पेटी मात्र थोरल्या जावयानं करायची, असं फर्मान काढलं. म्हणजे जेवायचं एकानं आणि उष्टी काढायची दुसऱ्यानं. हे ऐकलं तेव्हा थोरल्याच्या हातात धार लावायचा दगड होता. तो त्यानं कुणाच्या डोक्यात न घालता खाली ठेवला, एवढा एकच शहाणपणा या सगळ्या प्रकरणात त्याच्या हातून झाला.

घर एक होतं, कारखाना एक होता आणि जावई दोन होते. तळमजल्यावर आरशांच्या आणि तसबिरींच्या चौकटी, शिवाय लाकडी पेट्या करायचा कारखाना, त्याच्या मागच्या खोलीत सासरा, वर दोन बिऱ्हाडं. सासऱ्याला मुलगा नव्हता, दोन मुलीच. दोघींच्या नवऱ्यांना त्यानं घरात आणि धंद्यात ओढून घेतलं होतं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. इथे दोन घरजावई राहत होते आणि म्यान सासऱ्याचं होतं.

थोरला हातानं कोरायचा. पानं, वेली, द्राक्षांचे घोस. तो डावखुरा होता, म्हणून सासरा त्याला 'डाव्या' म्हणायचा आणि सासरा म्हणायचा म्हणून अख्खी गल्ली म्हणायची. धाकट्यानं आल्या आल्या यंत्रं आणली, म्हणून थोरला त्याला पाठीमागे 'यंत्रोबा' म्हणायचा. तोंडावर काहीच म्हणायचा नाही, कारण साडू साडू एकमेकांशी बोलतच नसत. कारखान्याच्या मधोमध फरशीवर पिवळ्या रंगाची रेघ होती. खिडकी थोरल्याच्या बाजूला, पंखा धाकट्याच्या. थोरला केर काढायचा तो बरोबर रेघेपर्यंत आणि ढीग तिथेच सोडायचा. मग धाकटा पंखा लावायचा आणि ढीग मुकाट्यानं माहेरी परत यायचा. वर दोघी बहिणी जिन्यावर बसून भाजी निवडत नवऱ्यांचे निरोप एकमेकींना द्यायच्या. त्यांचं आपसात उत्तम चाललं होतं.

भांडणाचं मूळ व्हार्निशच्या डब्यात होतं. धाकटा नवीन असताना एकदा डब्याचं झाकण अडकून बसलं. त्यानं हाताला लागली ती सासऱ्याची पटाशी उचलली, झाकणाखाली घातली आणि डबा उघडला. पटाशीच्या धारेचा एक कोपरा उडाला. थोरल्यानं त्या दिवशी जे तोंड सोडलं ते ऐकून शेजारचा लोहारही भट्टी विझवून दारात आला होता. तेव्हापासून थोरल्यानं बारक्या हत्यारांचं कपाट आपल्या बाजूला ओढलं आणि त्याची किल्ली कमरेला लावली. धाकट्याला पुन्हा त्यातलं एकही हत्यार धरायला मिळालं नाही.

आणि आता हे फर्मान.

सासऱ्याचा उजवा हात आजारात गेला होता, नजरही अधू झाली होती, पण जीभ शाबूत होती. दारातल्या खुर्चीत बसून तो म्हणाला, "डाव्या, पेटी तू कर. पेटी तुझ्यासारखी कुणाला जमत नाही."

"आणि हत्यारं त्याला?"

"त्याला."

"ज्यानं तुमच्या पटाशीनं डबा उघडला त्याला?"

"त्यालाच. त्याला अजून हात नाही. हत्यारं मिळाली तर येईल. तुला हात आहे, पण तुला दिली तर तू त्यांना कुलूप लावशील. इतक्या वर्षांत कुणाला एक पटाशी तरी धरू दिलीस का?"

"धरायची लायकी नको?"

"लायकी काय आईच्या पोटातून येते? तुला मीच धरायला दिली होती ना?" म्हातारा खोकला. "हे बघा, दोघांनीही ऐका. पेटीत जाईल ते सगळं धाकट्याचं. पेटीबाहेर राहील त्याच्यावर त्याचा हक्क नाही. मी मेल्यावर माझ्या नावानं भांडणं नकोत."

रेघेपलीकडून धाकटा हवेत बोलल्यासारखा म्हणाला, "फळ्यांचं माप मिळालं तर यंत्रावर काढून देईन म्हणतो. लवकर होईल."

थोरल्यानंही हवेलाच उत्तर दिलं. "यंत्राची फळी आमच्या चुलीलाही चालत नाही म्हणावं."

त्या दिवसापासून पेटीचं काम सुरू झालं आणि थोरल्याच्या अंगाचा तिळपापडही. काम वाईट करावं, असं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. एखादा सांधा ढिला ठेवावा, बिजागरी वाकडी बसवावी. पण सांध्यावर हात ठेवला की हात ऐकायचा नाही. फिकट, दुधी रंगाच्या लाकडाच्या फळ्या त्यानं हातरंध्यानं इतक्या सारख्या केल्या की एकावर एक ठेवल्यावर मधून उजेड येईना. कोपऱ्याचे दात कापले ते असे की सरस न लावताही पेटी उभी राहावी. शत्रूच्या घरी जायची वस्तू आपल्या हातून इतकी चांगली होतेय, याचाच त्याला जास्त संताप येत होता.

धाकटाही काही कमी नव्हता. थोरला सरस गरम करायला ठेवी तेव्हाच नेमकं याचं घासायचं यंत्र सुरू होई आणि भुश्याचा धुरळा रेघ ओलांडून थेट सरसाच्या भांड्यात उतरे. थोरल्यानं एकदा भांडं उचललं आणि आत पडलेला भुसा चमच्यानं काढून रेघेवर नीट ओळीत मांडला. धाकट्यानं त्यावरून हातगाडी नेली. सरसात लडबडलेलं चाक मग दिवसभर फरशीला चिकटत होतं आणि थोरल्याला फार दिवसांनी बरं वाटलं.

या कारखान्यात पेटी करायची एक खास रीत होती, सासऱ्याची. दुसरीकडे पेटी वेगळी करतात, झाकण वेगळं. इथे सहाही बाजू जोडून आधी पूर्ण बंद पेटी करायची. कुठून उघडायची ते दिसतच नाही, नुसता ठोकळा. सरस वाळला की वरून माप घेऊन चारी बाजूंनी रेघ मारायची आणि रेघेवर कापून झाकण सुटं करायचं. मग झाकणाची नक्षी आणि पेटीची नक्षी एकाच फळीतली असते, लाकडाची रेष खालून वर सरळ चढत जाते. झाकण किती उंच ठेवायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. थोरल्याचं नेहमी चार बोटं असायचं. चार बोटं म्हणजे त्याची स्वतःची, डाव्या हाताची, वरच्या कडेला आडवी टेकवलेली. त्यानं कधी पट्टी लावली नाही.

हत्यारांची घरं त्यानं तळाच्या फळीवर कोरली. एकेक हत्यार आडवं ठेवायचं, पेन्सिलीनं कडा काढायची आणि तेवढाच खळगा करायचा, ते आत बसलं की हलता कामा नये. वर लाकडाची छोटी फिरकी लावली, म्हणजे पेटी उलटी केली तरी हत्यार जागचं सुटणार नाही. सरळ पटाश्या, तिरप्या पटाश्या, कोरण्या, करंगळीएवढ्या कानशी. पोटच्या पोराला दुसऱ्याच्या घरी पोचवायला जावं आणि वाटेत त्याची चप्पलही आपणच दुरुस्त करावी, तसं ते काम होतं.

चंद्रकोर त्यानं सगळ्यांत शेवटी ठेवली होती. पातं चंद्राच्या कोरीसारखं वळलेलं, शिसवी मुठीची ती गोल पटाशी. लग्न होऊन तो या कारखान्यात आला तेव्हा सासऱ्यानं पहिल्या दिवशी तीच त्याच्या हातात दिली होती. परत मागितली नव्हती, कायमची दिली असंही कधी म्हटलं नव्हतं. द्राक्षाचा प्रत्येक मणी त्यानं तिच्यानंच गोल केला होता. मुठीवर अंगठ्याच्या जागी खळगा पडला होता, तिथे अंगठा न बघता जाऊन बसायचा. बाकीची सगळी गेली तरी चालतील, ही एक राहावी, असं त्याला वाटत होतं. पण मागणार कसा? मागायचं म्हणजे वाकायचं.

त्या संध्याकाळी बायको चहा घेऊन खाली आली आणि म्हणाली, "मध्यस्थी करायला मला पाठवलंय. धाकटीकडून निरोप आहे. चंद्रकोरीला पेटीत जागा करू नका म्हणे, असं तिचे हे म्हणतायत."

थोरल्याचा रंधा थांबला. "का?"

"तेच तर सांगतेय. बाबांशी त्यांचं बोलणं झालं आणि..."

"पुरे. कळलं मला."

"काय कळलं? अजून मी सांगितलं कुठे?"

"बाहेर ठेवायची आहे त्याला ती. डबे उघडायला. पेटीतून काढायचे कष्ट नकोत. यंत्राशेजारी खिळ्यांच्या बरणीत टाकून ठेवील आणि व्हार्निश ढवळील तिनं."

"अहो, का ते तरी ऐकून घ्या."

त्यानं रंधा जोरात चालवायला घेतला. तिनं दोनदा तोंड उघडलं, दोनदा रंध्याचा आवाज वाढला. शेवटी कप आपटून ती म्हणाली, "आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायची हौस एखाद्याला किती असावी!" आणि जिना चढून गेली. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, हे तिला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच समजलं होतं.

त्यानं मात्र ठरवलं. नको म्हणतो काय? मग चंद्रकोर पेटीतच जाईल. पेटीत गेली तर निदान तिला घर मिळेल, डब्याखालून तरी सुटेल.

अडचण एवढीच होती की तळाच्या फळीवर आडवी जागा शिल्लक नव्हती. कोपऱ्यात वीतभरही नाही, चार बोटांची जागा. तिथे त्यानं लाकडाचा जाड ठोकळा बसवला, त्यात खोल भोक घेतलं आणि चंद्रकोर त्यात उभी केली, पातं खाली, मूठ वर. वर बसणाऱ्या खोक्याच्या त्याच कोपऱ्यात दोन्ही बाजूंना चिमटे लावले, म्हणजे खोकं बसलं की मूठ पक्की धरली जाईल. उभी असल्यामुळे मूठ बरीच वर आली. नेहमीच्या चार बोटांवर झाकण कापलं तर करवत मुठीतून जाणार. म्हणून त्यानं मनात माप बदललं. या पेटीचं झाकण दोन बोटांचं. मूठ त्याच्या खाली, सुखरूप.

इथवरही ठीक होतं. दुष्टपणा सुचला तो त्यानंतर.

धाकटा चौकटी पोचवायला बाहेर गेला होता. कारखान्यात शांतता होती. तळाची फळी हत्यारांसकट बाकावर मांडलेली होती आणि शेजारी पेटीचं वरचं खोकं पालथं पडलं होतं. नेहमीच्या रीतीनं खोकं रिकामंच जोडायचं, झाकण कापायचं आणि मग आत हत्यारं लावायची. थोरल्यानं फळीकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं आणि त्याच्या मिशीत हसू आलं. त्यानं कडांना सरस लावला, खोकं उचललं आणि हत्यारांनी भरलेल्या फळीवर बरोबर बसवलं. शिकंजे आवळले. पेटी बंद झाली, हत्यारं आत, बिजागरी नाही, कडी नाही, रेघसुद्धा नाही.

आता कर म्हणावं काय करायचंय ते. झाकण कुठे आहे ते एकालाच माहीत, आणि तो सांगणार नाही. सांगेल, पण विचारल्यावर. पिवळी रेघ ओलांडून यायचं, खाली मान घालायची आणि म्हणायचं, साडूभाऊ, कुठे कापू? एवढं एकदा त्याच्या तोंडून ऐकलं की मेलो तरी चालेल, असं थोरल्याला वाटलं. त्या आनंदात त्यानं पेटीला दोनदा हातानं घासून मेण लावलं.

हत्यारं द्यायचा दिवस सासऱ्यानं ठरवला तो सुट्टीचा होता. म्हाताऱ्याची खुर्ची दोघी बहिणींनी उचलून कारखान्यात आणली आणि नेमकी पिवळ्या रेघेवर ठेवली. थोरल्यानं पेटी आणून सासऱ्याच्या मांडीवर दिली. म्हाताऱ्यानं डाव्या हातानं कोपरे चाचपले. दात कुठे संपतो आणि दात कुठे सुरू होतो हे बोटाला कळत नव्हतं. "शाब्बास," तो म्हणाला. मग बोटं चारी बाजूंनी फिरून आली आणि त्याचा चेहरा बदलला. "कापायची राहिली की रे."

"राहिली नाही," थोरला म्हणाला. "हत्यारं आत आहेत. ज्याची पेटी त्यानं कापावी."

त्याची बायको त्याच्याकडे बघत होती, पण ते बघणं त्यानं टाळलं. धाकटीनं पदर तोंडाला लावला होता. हसू आवरत होती की राग, ते कळत नव्हतं. धाकट्यानं पेटी उचलली, कानाशी धरून हलवली. काहीच वाजलं नाही. त्यानं मान डोलावली.

"घट्ट बसवलीत," तो म्हणाला. हवेला नव्हे, सरळ थोरल्याला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा.

थोरला वाट बघत राहिला. आता विचारील. आता येईल.

धाकट्यानं पेटी आपल्या बाकावर ठेवली, कानावरची पेन्सिल काढली आणि आपला डावा हात पेटीच्या वरच्या कडेला आडवा टेकवला. चार बोटं. मग जरा विचार करून करंगळीच्या खाली पेन्सिलीच्या टोकाएवढी जागा सोडली. "तुमची बोटं माझ्याहून जाड आहेत," तो म्हणाला. "आणि करंगळी तुम्ही किंचित उघडी ठेवता. नेहमी."

"तुला काय माहीत?"

"या घरात आल्यापासून तुमच्या पेट्या बघतोय, साडूभाऊ. शिकवलं तर तुम्ही कधी नाही. मग काय करणार? रेघेपलीकडे उभा राहून बघत होतो. तुम्ही पाठ केलीत की तुमचं झाकण मोजायचो. पान कोरताना तुम्ही श्वास कधी सोडता, तेही सांगू का?"

थोरल्याचे शर्ट त्याच्या बायकोनं शिवले होते, सासऱ्यानं त्याला धंदा शिकवला होता, पण त्याची करंगळी किती उघडी राहते हे त्यांतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला स्वतःलाही नव्हतं. इतकं निरखून त्याच्याकडे बघितलं होतं ते या एका माणसानं, आणि तेही दातओठ खात.

धाकट्यानं गुण्या लावून चारी बाजूंनी रेघ मारली. रेघ अचूक होती. दुसऱ्या कुठल्याही पेटीला ती केसभर चुकली नसती. मग त्यानं पट्टा करवत सुरू केली. दोन चाकांवरून पट्ट्यासारखं फिरणारं पातं, समोर येईल ते पावासारखं आरपार कापणारं. पेटी आडवी टाकून त्यानं तळ आधाराच्या फळीला टेकवला, रेघ पात्यासमोर आणली आणि वर बघितलं.

"चार बोटंच ना?"

हा प्रश्न होता. ज्याच्यासाठी थोरल्यानं पेटी बंद केली होती तोच प्रश्न. पण मान खाली नव्हती, आवाजात आर्जव नव्हतं. माप बरोबर आहे याची खात्री असलेल्या माणसानं नुसतं विचारायचं म्हणून विचारावं, तसा तो प्रश्न होता. थोरल्यानं एक शब्द बोलायचा होता. 'दोन.' एवढंच. तो शब्द त्याच्या जिभेवर आलाही. पण तो बोलायचा म्हणजे कबूल करायचं की चंद्रकोर आत उभी आहे, नको म्हटलेली असताना, आणि माप तिच्यासाठी बदललंय. यंत्रोबाला सगळ्यांसमोर जिंकू द्यायचं. त्याला ते जमलं नाही. पात्यासमोर पेटी, पेटीत चंद्रकोर, आणि हा गडी हाताची घडी घालून उभा राहिला.

धाकट्यानं पेटी पुढे सरकवली.

पातं लाकडात शिरलं. दुधी भुसा भुरभुरत टेबलावर सांडू लागला. पहिला कोपरा गेला, मधला भाग गेला, आवाज एकसारखा होता. दुसऱ्या कोपऱ्याशी आवाज किंचित जड झाला, जेमतेम, आणि पांढऱ्या भुश्यात काळा भुसा पडला. शिसवीचा. चिमूटभर, मग आणखी चिमूटभर, मग पुन्हा पांढरा. धाकट्यानंही तो पाहिला होता. त्याचे हात थांबले नाहीत, कारण मध्येच थांबलं तर पातं अडकतं, पण त्याची नजर भुश्यावरून थोरल्याच्या तोंडावर गेली आणि तिथेच राहिली.

यंत्र बंद झालं. धाकट्यानं झाकण उचललं. सगळी हत्यारं आपापल्या जागी चकचकत होती. झाकणाच्या कोपऱ्यातल्या चिमट्यातून शिसवीचा एक काळा तुकडा सुटला आणि बाकावर पडून गडगडत गेला.

"काय कापलं?" म्हातारा म्हणाला. त्याला दिसत नव्हतं, पण कान होते.

"चंद्रकोरीची मूठ," धाकटा म्हणाला.

"चंद्रकोर पेटीत कशी गेली?"

शेवटी थोरल्याची बायकोच बोलली. "मी सांगायला गेले होते बाबा. ऐकून घेतलं नाही यांनी."

"काय ऐकायचं होतं?" थोरला म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

धाकट्यानं उरलेली हत्यारं एकेक करून बघितली आणि मगच बोलला. "मीच बाबांना म्हणालो होतो, चंद्रकोर बाहेर राहू द्या, त्यांच्याकडेच. मोठं मन वगैरे काही नाही हं, गैरसमज नको. मी एकदा चोरून धरून बघितली होती ती, तुम्ही किल्ली विसरला होता तेव्हा. अंगठ्याचा खळगा उलट्या बाजूला. डावखुऱ्याची मूठ. माझ्या हातात ती बसतच नव्हती. मला चालत नाही ती कशाला घेऊ? तुमची तुम्हाला लखलाभ, म्हटलं."

थोरला बाकाशी गेला. पिवळी रेघ कधी ओलांडली ते त्याला कळलंही नाही. गडगडत गेलेला तुकडा त्यानं उचलला. करवत खळग्याच्या बरोबर मधून गेली होती. अंगठा ठेवला तर अर्धा बसत होता, अर्धा बाहेर. हत्यारं ओळखण्यात आपल्या तोडीचा कुणी नाही, हे तो आयुष्यभर सांगत आला होता. आणि आपल्याच हातातली मूठ आपल्याशिवाय कुणाच्या कामाची नाही, एवढं त्याला ओळखता आलं नव्हतं.

"बाबा," तो म्हणाला. सासऱ्याला त्यानं या सुरात कधी हाक मारली नव्हती. "चंद्रकोर..."

"पेटीत कुणी घातली?"

"मी."

"मापाची रेघ चुकतेय हे तुला दिसलं?"

थोरल्यानं मान हलवली. मग म्हाताऱ्याला दिसत नाही हे आठवून म्हणाला, "दिसलं."

म्हाताऱ्यानं खुर्चीच्या हातावर बोटं आपटली. "मी काय बोललो होतो? पेटीत जाईल ते धाकट्याचं. तुझ्या हातानंच गेली ती पेटीत. मला मध्ये घेऊ नकोस." आणि मुलींना म्हणाला, "मला आत न्या."

खुर्ची गेली. दोघी बहिणींपैकी कुणीही परत बाहेर आली नाही. धाकट्यानं ठोकळ्यातून चंद्रकोर ओढून काढली. मुठीचं खोडकं तिला अजून चिकटलेलं होतं. त्यानं पातं खिडकीच्या उजेडात धरून फिरवलं.

"पातं शाबूत आहे," तो म्हणाला. "आता उजव्या हाताची मूठ बसवली की मला चालेल. यंत्रावर काढतो एक. दहा मिनिटांचं काम."

"यंत्रावरची मूठ?" थोरला एकदम म्हणाला. "चंद्रकोरीला?"

"मग? तुम्ही करून देणार?"

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात जे होतं ते थोरल्याला स्वच्छ दिसलं. तसलंच हसू त्यानं स्वतःच्या मिशीत घेऊन पेटी बंद केली होती. त्याला वाटलं, हातातला तुकडा याच्या तोंडावर फेकावा आणि जिना चढून जावं. पण गेला तर संध्याकाळपर्यंत चंद्रकोरीला यंत्रावरचा गुळगुळीत दांडा बसणार होता, इतर हजार दांड्यांसारखाच, कुणाच्याच हाताचा नाही असा.

त्यानं तुकडा खिशात टाकला. कोपऱ्यातून शिसवीचा एक ठोकळा काढला, हाताचा ठसा घ्यायला ओल्या मातीचा गोळा घेतला आणि धाकट्यासमोर उभा राहिला.

"हात दे. मूठ आवळ यात."

धाकट्यानं उजवा हात पुढे केला आणि मातीत मूठ आवळली. थोरल्यानं त्याची बोटं धरून जागेवर बसवली, अंगठा खाली दाबला. बोटं खरंच बारीक होती. कामाचा घट्टा अजून एकाही बोटाला नव्हता.

"अंगठा इतका वर धरू नकोस," तो खेकसला. "गाढवा, पानं कोरायचीत, खिळे ठोकायचे नाहीत."

"असं?"

"असं."

माती उघडली तेव्हा आत खळगा पडलेला होता. उजव्या अंगठ्याचा, स्पष्ट. थोरल्यानं तो बराच वेळ निरखला, मग ठोकळा शिकंज्यात आवळला आणि दुसऱ्याच्या हाताची मूठ कोरायला घेतली.